नाझियाला बिद्दूंनी काय दिलं आणि तुमच्या लेकीने काय मागावं

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सोळा वर्षांची. लहानपणी शास्त्रीय गाण्याच्या दोन-तीन परीक्षा झाल्या, पण ओढा पॉपकडे. एका नावाजलेल्या संगीतकारांनी कार्यक्रमात तिचं गाणं ऐकलं आणि "हिला माझ्या हाताखाली द्या, मी घडवतो" असा निरोप धाडला. घरात दोन तट पडले आहेत. आजोबा म्हणतात, पाकिस्तानची पॉप गायिका नाझिया हसन पंधराव्या वर्षी 'आप जैसा कोई' या एका गाण्यावर जगभर पोचली, दारात आलेली संधी घालवू नका. वडील म्हणतात, आधी बारावी होऊ दे. ताई विचारतात, असा बडा माणूस मुलीला नेमकं देतो काय आणि त्या बदल्यात घेतो काय?

ताई, मी मुंबईत रेकॉर्डिस्ट म्हणून सुरुवात केली आणि पुढे गायकांचे आवाज बसवायचं काम करू लागलो. काचेच्या अलीकडे बसून मी कितीतरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना माइकसमोर उभं राहताना पाहिलं आहे. म्हणून तुमच्या सासऱ्यांनी दिलेल्या उदाहरणापासूनच सुरुवात करतो. उदाहरण अचूक आहे. पण लोकांना त्यातलं गाणं आठवतं, त्याच्या आगेमागे काय होतं ते सहसा कोणी सांगत नाही.

नाझियाचं ते गाणं केलं बिद्दूंनी. बिद्दू म्हणजे बिद्दू अप्पय्या. मूळचे बंगळूरचे. तिथे 'ट्रोजन्स' नावाच्या बँडमध्ये वाजवायचे, साठच्या दशकात लंडनला गेले आणि तिथे निर्माता म्हणून उभे राहिले. 1974 मध्ये कार्ल डग्लस या गायकाकडून त्यांनी 'कुंग फू फायटिंग' गाऊन घेतलं. ते रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूसाठी, सेशन संपत आलेलं असताना उरलेल्या वेळात उरकलेलं गाणं होतं. ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. 1976 मध्ये टीना चार्ल्सचं 'आय लव्ह टू लव्ह' ब्रिटनमध्ये पहिलं आलं, त्याचेही निर्माते हेच. नाझिया भेटली तेव्हा हा माणूस असा मुरलेला होता. मुलीच्या आवाजावर स्वतःचं नाव करायची त्याला गरज नव्हती, आणि ही गोष्ट मी फार मोलाची मानतो. जो अजून स्वतःच्या जागेसाठी धडपडतो आहे, त्याच्या हाताखाली कोवळा आवाज बऱ्याचदा त्या धडपडीचं साधन होतो.

नाझियाचा जन्म 3 एप्रिल 1965 चा, कराचीचा. बालपण कराची आणि लंडन असं दोन्हीकडे गेलं. धाकटा भाऊ झोहेब आणि ती पाकिस्तान टेलिव्हिजनवर सोहेल राणा यांच्या मुलांच्या कार्यक्रमात गायचे, तेव्हा कॅमेऱ्याची आणि माइकची भीती आधीच मोडलेली होती. फिरोज खान तेव्हा 'कुर्बानी' करत होते. लंडनमध्ये त्यांना ही मुलगी भेटली आणि त्यांनी तिला बिद्दूंकडे पाठवलं. चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं. 'लैला ओ लैला' त्यांचं, 'हम तुम्हें चाहते हैं ऐसे' त्यांचं. 'आप जैसा कोई' एवढं एकच गाणं बाहेरच्या माणसाकडे, म्हणजे बिद्दूंकडे गेलं, आणि ते लंडनमध्ये रेकॉर्ड झालं.

इथे थोडं थांबतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका गाण्यात आहे.

1980 साली आपल्याकडे गाणं कसं व्हायचं ते डोळ्यांसमोर आणा. मोठा हॉल, पन्नास-साठ वादक, त्यांत गोव्याकडचे व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले, कोपऱ्यात ताल विभाग आणि केबिनमध्ये गायिका. बहुतेक गाणी सगळे मिळून एका दमात वाजवत आणि गात. एका वादकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. या पद्धतीत टिकायचं तर गायिका तयारीचीच लागते. पट्टी वर, गळा फिरता, हरकत नेमकी आणि दहाव्या टेकलाही पहिल्याइतकीच ताजी. लताबाई आणि आशाताईंनी जे मोजमाप घालून दिलं, त्यात पंधरा वर्षांची, गायकीची तालीम नसलेली, किंचित नाकात गाणारी मुलगी बसणं शक्यच नव्हतं. मुंबईत कोणी तिला ऐकलं असतं तर "अजून पाच वर्षं रियाज करा" म्हणून परत पाठवलं असतं, आणि त्या पद्धतीच्या हिशोबात ते चूकही ठरलं नसतं.

बिद्दूंनी मोजमापच बदललं. चोवीस ट्रॅकच्या टेपवर, म्हणजे चोवीस आवाज वेगवेगळे नोंदता येतील अशा टेपवर, ड्रम वेगळा, बेस वेगळा, गिटार वेगळी, सिंथेसायझर वेगळा असं सगळं आधी रचून घ्यायचं. मुलगी येते तेव्हा तिच्या हेडफोनमध्ये पूर्ण गाणं वाजत असतं आणि तिला त्यावर केवळ स्वतःचा आवाज ठेवायचा असतो. ओळ बिघडली तर तेवढीच पुन्हा घ्यायची, आमच्या भाषेत पंच मारायचा. तिच्या चुकीपायी साठ माणसं खोळंबत नाहीत. कोवळ्या गायकाच्या छातीवरचं केवढं ओझं याने उतरतं, ते काचेमागे बसणाऱ्यालाच कळतं.

आता ते गाणं चांगल्या हेडफोनवर, डोळे मिटून ऐका. ठेका सरळ, प्रत्येक मात्रेवर ड्रमचा ठोका. बेस फिरता. मध्ये भरपूर मोकळी जागा. चाल मधल्या सप्तकात, बोलण्याच्या उंचीच्या आसपास फिरते, कुठे तानेची अपेक्षा नाही, कुठे वरच्या षड्जाला शिवायचा अट्टहास नाही. आणि आवाज? तो एक नाही. एकच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवली आहे. याला आम्ही डबलिंग म्हणतो. पातळ आवाजाला त्याने अंग येतं, एक चकाकी येते, आणि नाकातला तो स्वर दोष न वाटता ओळख होऊन बसतो. पडद्यावर झीनत अमान आहे आणि आवाज शाळकरी मुलीचा आहे, हे प्रेक्षकांना जाणवलंच नाही, त्याचं मोठं श्रेय माझ्या मते या जोडआवाजाला आहे.

डबलिंग ऐकायला सोपं वाटतं, करायला घाम काढतं. दुसऱ्यांदा गाताना 'कोई'मधला 'क' त्याच क्षणी फुटला पाहिजे, 'ई' त्याच क्षणी मिटला पाहिजे. एक आवाज जरा लवकर थांबला की शेपूट लटकतं आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय खुपतंय ते कळत नाही, पण खुपतं. श्वासही तिथेच घ्यावा लागतो. ज्यांना हरकती-मुरक्यांची सवय असते त्यांना हे फार जड जातं, कारण त्यांचा गळा एकच ओळ दोनदा सारखी म्हणतच नाही. साधं, सरळ गाणारी मुलगी मात्र ते पटकन करते. म्हणजे नाझियाकडे जे नव्हतं त्याची झळ गाण्याला लागू नये आणि तिच्याकडे जे होतं ते दुप्पट दिसावं, अशा बेताने ते सगळं रचलेलं होतं.

पॉपमध्ये गुरू देतो ते हेच. तुमच्या मुलीच्या शास्त्रीयच्या गुरुजींनी गळा तयार केला असेल, सरगम पक्की केली असेल. ते काम वेगळं आणि थोर आहे. पॉपचा निर्माता गळा तयार करत बसत नाही. तो आज, या वयात, या गळ्यात काय चांगलं आहे ते हेरतो आणि त्याभोवती गाणं बांधतो. पट्टी कुठली, शब्द किती, वाद्यं कुठे गप्प बसवायची, हे सगळं त्या आवाजाकडे बघून ठरवतो. हा कान आपल्याकडेही होता. संगीतकार मास्टर गुलाम हैदरांनी लताबाईंना ऐकलं तेव्हा जाड, खर्जातल्या आवाजांचा जमाना होता आणि हा आवाज फार बारीक म्हणून नाकारला गेला होता. त्यांनी तो जाड करायला सांगितलं नाही. 1948 च्या 'मजबूर'मध्ये तोच आवाज तसाच वापरला.

म्हणून तुमच्या संगीतकारांबद्दल मी पहिलं हे विचारेन की मुलीचं गाणं ऐकल्यावर ते काय बोलले. "हिच्या आवाजात अमुक ठिकाणी मजा आहे" म्हणाले की "हिला मी अमकीसारखी करतो" म्हणाले? दुसरं वाक्य आलं असेल तर मी दहा वेळा विचार करेन.

'कुर्बानी' 1980 मध्ये लागला, गाणं डोक्यावर घेतलं गेलं आणि नाझियाला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचं फिल्मफेअर मिळालं, वयाच्या पंधराव्या वर्षी. आता मुंबईतला कोणताही माणूस काय करेल? वर्षभरात पंचवीस चित्रपटांत तिला गायला लावेल. प्रत्येक निर्मात्याला तेच गाणं हवं असतं, शब्द बदलून. पहिल्या यशानंतर आवाज असा चघळून संपवलेला मी पाहिला आहे, एकापेक्षा जास्त मुलांचा.

बिद्दू आणि तिचे आईवडील त्या वाटेला गेले नाहीत. 1981 मध्ये 'डिस्को दीवाने' हा स्वतंत्र अल्बम आला, चित्रपटाशिवाय. हिंदी गाण्याला नायक-नायिकेचा आधार लागतो, हा समज या अल्बमने मोडला. रेकॉर्ड भारत-पाकिस्तानात तर गाजलीच, ती दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचली. त्यात झोहेबही आहे. तो तेव्हा बहिणीहूनही लहान, पण त्याने बांधलेल्या चालींना अल्बममध्ये जागा मिळाली. बिद्दूंसारख्या माणसाने सगळीच्या सगळी गाणी स्वतःची ठेवली असती तर कोणी हरकत घेतली नसती. त्यांनी जागा दिली. गुरूच्या मनाचा मोठेपणा मी अशा ठिकाणी शोधतो. मुलाखतीत "ही माझ्या मुलीसारखी" म्हणायला काही पडत नाही.

पुढचे अल्बम सावकाश आले. 1982 मध्ये 'बूम बूम', जो 'स्टार' या चित्रपटासाठी होता. चित्रपट पडला, गाणी तरली. 1984 मध्ये 'यंग तरंग', गाण्यांच्या व्हिडिओंसकट, आपल्याकडे घरोघरी संगीत वाहिन्या येण्याच्या कितीतरी आधी. 1987 मध्ये 'हॉटलाइन'. 1992 मध्ये 'कॅमेरा कॅमेरा'. म्हणजे बारा वर्षांत पाच अल्बम. आजच्या हिशोबाने हे काहीच नाही. पण या मधल्या वर्षांत ती शाळा संपवते, लंडनमध्ये बिझनेस आणि अर्थशास्त्राची पदवी घेते, मग कायद्याची पदवी घेते, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात काम करते, अमली पदार्थांविरुद्ध संस्था काढते. गाणं तिच्या आयुष्यात मोठं होतं, पण सगळं आयुष्य गाण्यावर टांगलेलं नव्हतं.

तुमचे सासरे आणि यजमान या गोष्टीत एकमेकांच्या विरुद्ध बाजूला नाहीत, ते मी यासाठीच म्हणतो. नाझियाच्या घरी दोन्ही झालं. संधीही घेतली आणि शिक्षणही सोडलं नाही. बिद्दूंनी गाण्याची बाजू धरली, आईवडिलांनी बाकीची, आणि कोणी दुसऱ्याच्या हद्दीत शिरलं नाही. ज्या मुलांची गाडी पुढे घसरते, तिथे मला बहुतेक वेळा हीच हद्द पुसलेली दिसते. एकतर संगीतकारच पालक होऊन बसतो, मुलीने काय घालावं, कोणाशी बोलावं, कुठली परीक्षा द्यावी हे ठरवतो, किंवा वडील व्यवस्थापक होतात आणि जेवणाच्या ताटावर कार्यक्रमांचे दर ठरतात.

आता गुरू घेतो काय, ते. पैशांचं नंतर बोलू. त्याआधी एक सूक्ष्म गोष्ट आहे. असं घडलेलं यश अर्धं निर्मात्याच्या ध्वनीचं असतं. तो ठेका, तो बेस, ती आवाजावरची चकाकी बिद्दूंची होती. नाझियाचं नाव घेतलं की तोच ध्वनी कानात वाजतो, आणि त्या ध्वनीबाहेर ती कशी वाटली असती, हे आपल्याला फारसं ऐकायलाच मिळालं नाही. झोहेबची रचना असलेल्या काही संथ गाण्यांत ती जराशी दिसते, तिथे डबलिंग कमी जाणवतं आणि आवाज जवळ येतो. मला ती गाणी फार आवडतात. त्या वाटेने ती आणखी चालली असती तर, असं आजही वाटतं.

आणि निर्मात्याचा ध्वनी त्याच्याबरोबर पुढे जातो. नव्वदच्या दशकात बिद्दू पुन्हा भारतातल्या पॉपकडे वळले. श्वेता शेट्टीचा 'जॉनी जोकर' 1993 चा. मग 1995 मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया', ज्याच्या व्हिडिओतला आपला मिलिंद सोमण त्या वर्षी घराघरांत पोचला. बिद्दूंनी नंतर सांगितल्याप्रमाणे हे गाणं आधी नाझियासाठी होतं. पाकिस्तानातल्या आपल्या लोकांना ते खुपेल म्हणून तिने नाही म्हटलं, आणि गाणं अलिशाकडे गेलं. नाझियाचा हा नकार मला तिच्या सगळ्या अल्बमांइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसाने पंधराव्या वर्षी जगापुढे उभं केलं त्याच्याच हातचं, हमखास चालणारं गाणं ती नाकारू शकली. पोट त्या एका गाण्यावर नव्हतं, ओळख त्या एका माणसावर नव्हती, म्हणून नाकारू शकली. आणि बिद्दूही त्यावर रुसून बसले नाहीत, दुसरा योग्य आवाज शोधून कामाला लागले. गुरू-शिष्य दोघेही मोकळे राहिले.

13 ऑगस्ट 2000 ला लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. 2012 च्या एका हिंदी चित्रपटात 'डिस्को दीवाने'चा नवा अवतार आला तेव्हा त्यात तिचा मूळ आवाज वापरला गेला. इतक्या वर्षांनंतरही तो पातळ, जोडलेला आवाज आजच्या स्पीकरवर जुना वाटत नाही.

आजच्या काळाला जवळचं एक उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या मुलीच्या पिढीला तेच माहीत असेल. जस्टिन बीबर. कॅनडातल्या छोट्या गावातला मुलगा, आईने यूट्यूबवर टाकलेले व्हिडिओ, 2008 मध्ये स्कूटर ब्रॉन या व्यवस्थापकाच्या नजरेला पडले. मुलाला अटलांटाला आणलं आणि अशर या तेव्हाच्या बड्या गायकाने त्याला पंखाखाली घेतलं. तिथे प्रेम होतं, पण पहिल्या दिवसापासून कागदही होता. अशर आणि ब्रॉन यांनी मिळून कंपनी काढली आणि मुलगा त्या कंपनीशी करारबद्ध झाला. अशर स्वतः कोवळ्या वयात याच चक्रातून गेलेला. त्याचा पहिला अल्बम 1994 चा, पंधराव्या वर्षीचा, आणि त्या काळात त्याला निर्मात्याच्या घरी न्यूयॉर्कला राहायला ठेवलं होतं. त्यामुळे बीबरसाठी आवाजाची प्रशिक्षक, सोबतीला माणूस, कपड्यांपासून चालण्या-बोलण्यापर्यंत सगळी व्यवस्था त्याच्या गोटातून झाली. यातली आवाजाची प्रशिक्षक ही गोष्ट लक्षात ठेवा. 'बेबी' 2010 च्या सुरुवातीला आलं आणि त्याच वर्षी मुलाचा आवाज फुटायला लागला. रेकॉर्डवरचे वरचे सूर लागेनात, तेव्हा स्टेजवर गाण्याची पट्टी उतरवली आणि कार्यक्रम चालू ठेवले. कोणी "रेकॉर्डसारखंच गा" म्हणून त्याला ताणलं असतं तर गळ्याला इजा होऊ शकली असती.

मुलींचा आवाजही या वयात बदलतो, मुलांइतका धाडकन नाही म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. बारा-तेरापासून सोळा-सतरापर्यंत आवाजात हवा जास्त येते, मधेच एखादा सूर निसटतो, आवाज लवकर थकतो. अशा वेळी छातीच्या जोराने वर चढायला लावलं की स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. तुमच्या मुलीला गाऊन झाल्यावर दुसऱ्या सकाळीही आवाज बसलेला वाटत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, संगीतकारांना नंतर भेटा.

आता व्यवहार. संगीतकारांना एक ट्रायल मागा. दोन गाणी, एक त्यांच्या पसंतीचं, एक मुलीच्या. ट्रायलच्या दिवशी तुम्ही किंवा यजमान बरोबर जा आणि काचेच्या अलीकडे बसा. अल्पवयीन मुलीबरोबर घरचं माणूस नको असं कोणी सुचवलं तर तिथूनच घरी या, नाव कितीही मोठं असो. बसल्यावर एवढंच बघा की पट्टी कोण ठरवतंय. चांगला माणूस आधी मुलीला दोन-तीन पट्ट्यांत गाऊन बघायला लावतो, तिचा चेहरा बघतो, खांदे वर गेले की पट्टी उतरवतो. जो तयार ट्रॅक लावतो आणि "यावर गा" म्हणतो, त्याला आवाज हवा आहे, पण तुमचीच मुलगी हवी आहे असं नाही. चूक झाल्यावर तो टॉकबॅकवर, म्हणजे काचेपलीकडच्या गायकाशी बोलायच्या माइकवर, काय बोलतो तेही ऐका. काचेपलीकडच्या मुलीला हेडफोनमध्ये तुमच्यासमोरच टोचून बोललं जात असेल तर एकटी असताना काय होईल याचा अंदाज करा.

ट्रायल झाली की तिचा एक मिक्स, म्हणजे वाद्यांसकट तयार गाणं, आणि केवळ आवाजाचा वेगळा ट्रॅक मागून घ्या. देणारा माणूस सहज देतो. त्या नुसत्या आवाजात मुलगी खरी कशी गायली ते कळतं. सूर सॉफ्टवेअरने सरळ करायला आज काही क्षण लागतात, आणि पहिल्याच ट्रायलला आवाज इतका घासून गुळगुळीत केला असेल की तुम्हाला लेकीचा ओळखू येत नाही, तर त्यातून तिला काही शिकायला मिळणार नाही. डबलिंग ही गळ्याची मेहनत आहे, ती तिने जरूर शिकावी. घरी मोबाइलवर एक ओळ रेकॉर्ड करून तिच्यावर तीच ओळ पुन्हा म्हणायचा सराव रोज केला तरी उच्चार आणि श्वास दोन्ही ताब्यात येतात.

कागदाबद्दल नीट वाचा. भारतात अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार कायद्याने मुळातच रद्दबातल असतो. आईवडिलांनी सही केली की मुलीला संरक्षण मिळालं, असा सार्वत्रिक समज आहे, तो खरा नाही. 1949 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात असाच दावा गाजला होता. राज राणी या अल्पवयीन अभिनेत्रीच्या वतीने तिच्या वडिलांनी निर्माते प्रेम अदीब यांच्याशी करार केला होता. भूमिका दुसरीला दिली गेली, मुलीच्या बाजूने नुकसानभरपाई मागितली, आणि न्यायालयाने करारच टिकत नाही म्हणून दावा फेटाळला. म्हणजे असा कागद मुलीच्या उपयोगी पडेलच असं नाही. करमणूक क्षेत्रातली कामं करणाऱ्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, आणि अठरा पूर्ण झाल्यावर मुलगी स्वतः पुन्हा विचार करून ठरवेल, हे पहिल्याच बैठकीत तोंडाने आणि लेखी बोलून ठेवा.

मानधनाबरोबर रॉयल्टी विचारा. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गायकाचा कलाकार म्हणून हक्क ठळक झाला आहे आणि गाण्याच्या व्यापारी वापरावर त्याला रॉयल्टीचा हक्क आहे. हा हक्क 50 वर्षं चालतो. सोळाव्या वर्षी गायलेलं गाणं ती साठीत असतानाही कोणीतरी वापरत असेल, नाझियाच्या आवाजाचं झालं तसं. "नवीन मुलांना रॉयल्टी-बिल्टी नसते" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. ऐकून घ्या आणि वकिलाचा नंबर द्या.

"इतकी वर्षं दुसऱ्या कोणाकडे गायचं नाही" ही अट माझ्या दृष्टीने सगळ्यात घातक. दोन गाण्यांपुरती, एका अल्बमपुरती बांधिलकी समजू शकते. पाच-सात वर्षांची नको, विशेषतः त्या काळात किमान किती गाणी प्रसिद्ध होतील याची हमी समोरचा देत नसेल तर. आवाजाची सर्वांत बहरातली वर्षं एखाद्याच्या कपाटात बंद राहतात. तिच्या नावाची सोशल मीडियावरची खाती आणि चॅनेलही घरच्यांच्या ताब्यात राहू द्या, कंपनीला हवं तर वापरायची परवानगी द्या.

आणि मुलीच्या स्वतःच्या चाली असतील, वहीत लिहिलेलं काही असेल, तर तेही ट्रायलला घेऊन जा. संगीतकारांनी त्यातलं एक तरी पान उघडून वाचलं, गुणगुणून बघितलं, तर मला आनंद होईल. झोहेबला मिळाली तशी जागा तिला मिळेल की नाही, याचा अंदाज तिथे येतो.

बारावीचं म्हणाल तर ट्रायल परीक्षेनंतरच्या सुट्टीत ठेवायला सांगा. ज्या माणसाला खरोखर घडवायचं आहे त्याला तीन-चार महिन्यांनी काही फरक पडत नाही, आणि "आत्ताच नाहीतर कधीच नाही" असं म्हणणाऱ्याकडे मी माझ्या घरची मुलगी पाठवली नसती. तोवर तिला एक काम द्या. आवडीचं एकच गाणं पाच वेगवेगळ्या पट्ट्यांत, कुठलाही इफेक्ट न लावता, फोनवर रेकॉर्ड करायला सांगा. पाचही फाइल मला पाठवा. तिचा आवाज कुठे बसतो ते ऐकून सांगतो, म्हणजे ट्रायलला जाताना तिला स्वतःची पट्टी माहीत असेल.